यसूबायचा गळा

लग्नघरी गेल्यावर यसूबाय चहा घ्यायची नाही, पाणी घ्यायची नाही, टेकायचीसुद्धा नाही. सरळ नवरीच्या खोलीत शिरायची आणि म्हणायची, "सगल्या बाहेर व्हा." मावशा, काकवा, मेंदीवाली, सगळ्या निघायच्या. नवरीची आई मागे रेंगाळायची. तिला यसूबाय खांद्याला धरून उंबऱ्याबाहेर ठेवायची, सामान हलवावं तशी, आणि आतून कडी घालायची. आत काय बोलणं झालं ते कधी बाहेर आलं नाही. दार उघडून ती आली आणि तिच्या जिभेवर मीठ असलं, तर लग्न लागणार, एवढं आम्हाला कळायचं.

हे समजायला आमची रीत सांगितली पाहिजे. आम्ही खाजणे. आमची माणसं थोडी, त्यामुळे नाव तुम्ही ऐकलं नसेल. ठाण्याच्या खाडीकाठी मिठागरांत राबणारे आम्ही. मिठागरं गेली, माणसं पांगली. कोणी कोपरीत राहिले, कोणी कळव्याला गेले, बरेचसे डोंबिवलीला. आमच्या लग्नात भटजी असतो, मंगलाष्टकं असतात, आता डीजेसुद्धा असतो. पण मामा नवरीचा हात धरतो तो हाकेवरच. हाक आली नाही तर मामा जागचा उठत नाही, आणि मामा उठला नाही तर पुढचं काही होत नाही.

हाक दोन बायका देतात. एक पुढली, एक मागली. वाद्य नाही, टाळी नाही, नुसता गळा. पुढली नवरीच्या आईचं नाव घेते, मग तिच्या आईचं, मग तिच्या, अशी आठवतील तेवढ्या मागच्या बायकांची नावं लांब ओढून हाकारते आणि तिथून परत फिरून नवरीपर्यंत येते. बापाकडचं एकही नाव त्यात नसतं. पुढली श्वास घेते तेव्हा मागलीने सूर धरून ठेवायचा. आवाज तुटता कामा नये. पूर्वी बायका मिठागराच्या बांधावरून एकमेकींना हाका मारायच्या, खाडीचा वारा तोंडावर असायचा, तो आवाज आहे हा. गोड अजिबात नाही. नव्या सुना पहिल्यांदा ऐकतात तेव्हा दचकतात.

यसूबाय पुढली होती आणि मी तिची मागली. तिच्या मागे उभी राहून मी हयात काढली. ती काळी, उंच, हाडकुळी बाई होती. कोपरीच्या बाजारात सुकी मासळी विकायची. बोलताना आवाज असा फाटका, की ही गाते असं कोणी सांगितलं तर गिऱ्हाईक हसायचं. मला तिने शिकवलं ते खाडीच्या कडेला उभं करून. वाऱ्याकडे तोंड करायला लावायची आणि बोट वर करेपर्यंत सूर सोडू द्यायची नाही. एकदा मी मध्येच चोरून श्वास घेतला. तिने ओळखलं.

"भागे, श्वास संपला तर संपला म्हन. मी घेतंय ना पुढं. चोरतेस कशाला?"

"इतका बारीक घेतला, कोणाला कळला असता?"

"मना कलला. उद्या नवरीला कलंल. तिला वाटंल, हिचा सूर पन खोटा हाय."

माझी शाळा चौथीपर्यंत. यसूबायची तेवढीही नाही. पण कुठल्या घरातली कोण कोणाची मुलगी, हे तिला सगळं पाठ होतं. शिकवताना चुकलं तर मारायचीसुद्धा, हाताला येईल त्याने. एकदा सुक्या बोंबलाच्या जुडीने मारलं. नंतर तीच जुडी मला घरी न्यायला दिली.

आता खोलीतलं सांगते. नवरीच्या ओटीत मीठ घातलेलं असतं. पुढली आत जाऊन दार लावते आणि विचारते, "हाक देऊ का?" मुलगी ओटीतलं मूठभर मीठ तिच्या हातावर ठेवते. त्यातली चिमूट जिभेवर टाकून पुढली बाहेर येते आणि हाक सुरू करते. मुलीचा नकार असेल तर पुढली मीठ न खाता बाहेर येते आणि म्हणते, "माझा गळा बसलाय." एवढंच. मग लग्न पुढे ढकलतात, गळा सुटेपर्यंत. तो सुटत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. पण दोष गळ्याचा असतो. मुलीचा नाही, तिच्या घराचा नाही, नवऱ्या मुलाचाही नाही. माणसं जेवून आपापल्या घरी जातात. मुलगी काय म्हणाली हे पुढलीला कोणी विचारायचं नाही, आणि पुढलीने मुलीला कारण विचारायचं नाही.

मी मागली झाल्यावर पहिल्यांदा तिचा गळा बसला तो कोपरीतल्या एका लग्नात. मुलीचा बाप मधाची बाटली घेऊन आला. म्हणाला, "यसूबाय, चाट जरा. आलं देऊ का ठेचून?" ती म्हणाली, "उपेग नाय. खोल बसलाय." बाप समजला. मग त्याने बाटलीचं झाकण लावलं आणि मांडवात जाऊन म्हाताऱ्यांना सांगितलं. वऱ्हाड जेवून परत गेलं. पुढच्या वर्षी त्या मुलीचं दुसरीकडे झालं, तेव्हा हाक यसूबायनेच दिली. कोणी कोणाला एक शब्द बोललं नाही.

तिच्या स्वतःच्या लग्नाचं मी एकदा विचारलं. तिचा नवरा पिऊन पडलेला असायचा, सगळ्या कोपरीला माहीत होतं. मला वाटलं, हिला कोणी विचारलं नसेल म्हणून ही एवढी हट्टी. ती म्हणाली, "मना विचारलेला की. चांगला दार लावून विचारलेला. मीच मीठ दिला. आता शिव्या द्यायच्या तर मनाच द्यायच्या, दुसऱ्या कोनाला देता येत नाय." आणि मासळी निवडायला लागली.

पुढे मांडव गेले आणि हॉल आले. हॉलमध्ये नवरीची खोली म्हणजे बाजारच. पार्लरवाली, फोटोवाला, व्हिडिओवाला, मुलीच्या मैत्रिणी. यसूबाय प्रत्येक ठिकाणी भांडायची. एका फोटोवाल्याने सांगितलं, "आजी, तुम्ही मीठ घेताना छान फोटो येईल, मी कोपऱ्यात उभा राहतो." ती म्हणाली, "तुझा लगीन हाय का? नाय ना? मग नीघ." लोकांनाही आता हे नको झालं होतं. मुली शिकलेल्या, नोकऱ्या करतात, आधी भेटतात, फिरतात, मग पुन्हा दार लावून काय विचारायचं, असं म्हणायचे. यसूबाय म्हणायची, "शिकलेली हाय तर पटकन सांगंल. माझा येल वाचंल."

मग प्राचीचं लग्न आलं.

प्राची ही डोंबिवलीच्या विलासची मुलगी. विलास आमच्या समाजातला मोठा माणूस, चार लोक त्याच्या शब्दावर चालायचे. आणि नवरा मुलगा निखिल म्हणजे माझ्या सख्ख्या भावाचा, काशिनाथचा नातू. हे माझ्यासाठी साधं नव्हतं. माझा नवरा वारला तेव्हा मुलं लहान होती. काशिनाथने आम्हाला वर्तकनगरच्या त्याच्या घरात घेतलं आणि मुलं कामाला लागेपर्यंत सांभाळलं. कधी बोलून दाखवलं नाही. त्याच्या घरचं हे लग्न नीट व्हावं असं मला मनापासून वाटत होतं. मुलगा वाईट नव्हता. शांत, नोकरीला लागलेला. मागली कोणत्याही बाजूची चालते, म्हणून मी सूर धरायला उभी राहणार होते.

दुपारचं लग्न होतं. डोंबिवलीतला हॉल, बाहेर ऊन, आत माणसंच माणसं. यसूबाय खोलीत गेली. प्राचीची आई सुरेखा दाराला हात लावून म्हणाली, "मी थांबते मावशी, ती घाबरते एकटी."

"घाबरायला मी काय वाघीन हाय? बाहेर हो."

दार लागलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ गेला. भटजी दोनदा येऊन घड्याळ दाखवून गेले. विलास येरझारा घालायला लागला. दार उघडलं तेव्हा मी आधी यसूबायचं तोंड बघितलं. ओठ कोरडे होते. ती माझ्याकडे न बघता विलासला म्हणाली, "माझा गला बसलाय."

मोठ्याने बोलली नाही, पण जवळच्या बायका गप्प झाल्या आणि ते गप्प होणं मागे मागे हॉलभर गेलं. विलासला वाटलं तिची तब्येत बिघडली. मग त्याच्या ध्यानात आलं आणि चेहरा बदलला.

"काय बोलली ती?"

"मना काय माहीत? माझा गला बसलाय."

"मावशी, हे नाटक इथे नको. हॉलभर माणसं बसलीत. तिला पसंत होता म्हणून ठरवलं. मी जबरदस्ती केली का?"

"मी बोलली का तसा?"

"मग दे ना हाक."

"गला नाय तर देऊ कशी?"

तो खोलीकडे निघाला. यसूबाय दारात आडवी उभी राहिली. अंगात जोर नव्हता तिच्या, ऐंशीच्या घरातली बाई. पण तिला बाजूला सारायला त्याचा हात उचलला नाही, सगळ्यांसमोर. तोपर्यंत काशिनाथ आणि आमच्याकडची माणसं आली. निखिलच्या एका मित्राने तोड काढली. म्हणाला, "मागच्या लग्नातली हाक माझ्या मोबाईलवर आहे. स्पीकरला लावू. आवाज यांचाच आहे."

यसूबाय म्हणाली, "लाव. त्यात शेवटी सविताचा नाव येतंय. सविताचा लगीन लाव निखिलशी. तिचा नवरा पन आलाय जेवायला, त्याला विचार."

कोणीतरी मागे हसलं आणि लगेच गप्प झालं. प्राचीचा मामा खुर्चीवर बसून होता. विलास त्याला म्हणाला, "तू ऊठ. हाक राहू दे." मामा साधा माणूस, मेव्हण्याला घाबरून असणारा. तो खाली बघत म्हणाला, "हाकेशिवाय मी कसा हात धरू? माझी आई वरून बघते." आणि उठला नाही.

तेव्हा काशिनाथ माझ्याकडे वळला. "भागे, तू दे. तुला सगळी येते."

मी म्हटलं, "मी मागली आहे."

"एवढी वर्षं हिच्या मागे उभी राहिलीस. नावं पाठ आहेत तुला. दे."

यसूबाय म्हणाली, "ती नवऱ्याकडची हाय. पुढली दोन्ही घरांच्या बाहेरची लागते."

"तुझा गळा बसलाय ना? मग बोलतेस कशाला?" काशिनाथ म्हणाला. माझ्या भावाला एवढ्या वाकड्या आवाजात बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मग मला म्हणाला, हळू, फक्त मला ऐकू जाईल असं, "भागे, माझ्यासाठी एवढं कर."

त्याने आजवर काही मागितलं नव्हतं. मी यसूबायकडे बघितलं. वाटलं, ही काहीतरी खूण करेल. ती दारातून बाजूला झाली आणि भिंतीला टेकून उभी राहिली, जणू तिचा काही संबंध नाही. मी म्हटलं, "मला आधी आत जाऊन विचारावं लागेल." काशिनाथ म्हणाला, "विचार की. पटकन विचार."

मी हाक द्यायच्याच विचाराने आत गेले. मुली ऐन वेळी घाबरतात, यसूबाय म्हातारी झाली, तिला काही भलतंच वाटलं असेल, असं मी मनाशी धरलं होतं. कडी घातली. प्राची पलंगाच्या कडेला बसली होती, शालू नीट, मुंडावळ्या नीट. रडलेली नव्हती. बाहेर तिचा बाप कोणाला तरी ओरडत होता, ते आत स्वच्छ ऐकू येत होतं.

मी विचारलं, "हाक देऊ का?"

"द्या आजी," ती म्हणाली. लगेच. आवाजही कापला नाही.

माझं ओझं उतरलं. मी हात पुढे केला. तिने ओटीतलं मीठ आधीच मुठीत घेतलेलं होतं. मूठ माझ्या हातावर आणली आणि तिथेच ठेवली. मी थांबले. मूठ उघडली नाही. मी तिच्या तोंडाकडे बघितलं, ती भिंतीकडे बघत होती. "दे," मी म्हटलं. "हो," ती म्हणाली, आणि बोटं आणखी आवळली. नखांच्या कडा पांढऱ्या पडल्या. मुठीच्या फटीतून मिठाचे दोन खडे सुटून माझ्या हातावर पडले. तेवढे जिभेवर ठेवले असते तरी चाललं असतं. तिने तोंडाने हो म्हटलं होतं. मला कोणी खोटी म्हणालं नसतं.

 बाहेरून काशिनाथने दार ठोकलं. "भागे, झालं का?"

मी ते खडे झटकले आणि दार उघडलं.

"काशिनाथ, माझाही गळा बसलाय."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग टोपी डोक्यावर घातली आणि निखिलच्या पाठीवर हात ठेवून त्याला जिन्याकडे घेऊन गेला. आमच्याकडचं वऱ्हाड जेवलंसुद्धा नाही. रीत अशी होती की जेवून जायचं, म्हणजे राग नाही असं होतं. ते न जेवता गेले. काशिनाथ परत माझ्याशी बोलला नाही. त्याच्या आजारपणात मी गेले होते, सुनेने दारातच सांगितलं की ते झोपलेत. मी माझ्या मुलाकडे राहते, तेही वर्तकनगरलाच, त्याच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. तो वारल्याचं मला किराणावाल्याकडून कळलं.

विलासने समाजात सांगितलं की यसूबायचा गळा गेलाय, आता दुसरी बघा. दुसरी मिळाली. ती दार उघडं ठेवून विचारते, आई शेजारी बसलेली असते, फोटो काढतात. तिचा गळा चांगला आहे, माझ्या मते यसूबायपेक्षा गोड आहे. अजून कधी बसलेला नाही.

यसूबायला लग्नाला बोलावणं बंद झालं. मला वाटलं ती खचेल. ती मासळी विकत राहिली. मी भेटायला गेले की भावाबद्दल चकार शब्द काढायची नाही. एकदा मीच चिडून म्हटलं, "तुझ्यामुळे माझा भाऊ गेला." ती म्हणाली, "माझ्यामुले? आत कोन गेलेली? मी ढकललेली तुना?"  मी महिनाभर तिच्याकडे गेले नाही. मग गेले, कारण दुसरं कोणाकडे जाणार?

शेवटी ती दवाखान्यात होती तेव्हा दुपारी मी तिच्याजवळ बसायचे. पायांना सूज, धाप लागायची, पण डोकं जागेवर होतं. एका दुपारी मी रीत मोडली. विचारलं, "यसू, आता सांग. प्राची तुला काय म्हणाली होती?"

"तुना काय बोलली?"

"द्या हाक म्हणाली."

"मग दिली का नाय?"

"मूठ उघडली नाही."

ती मग म्हणाली, "मना पन तेच बोलली. द्या हाक. मना पन तीच मूठ."

"म्हणजे नको असं ती बोललीच नाही? तुलाही नाही?"

"कोन बोलतंय गो? इतक्या मुलींना विचारला, नको असा तोंडानं बोललेली एक नाय आठवत. घरातली मानसं दाराला कान लावून. तोंड त्यांच्यासाठी ठेवतात. मी हात बघतंय."

"आणि तुझं चुकलं असेल तर? नुसती घाबरून मूठ आवळली असेल तर?"

"तर चुकला असंल," ती म्हणाली. "परत मांडव घालता येतो ना. दुसऱ्या वक्ताला मीठ दिला असता, मी हाक दिली असती. उलटा चुकला तर काय करनार?" मग धाप लागली आणि तिने हाताने मला गप्प बसायला सांगितलं.

त्याच आठवड्यात ती गेली. एरवी बाई गेली की तिलाही हाक देतात, पण पुढली मेली की देत नाहीत, आवाज न करता नेतात. माणसं थोडीच होती. बाजारातल्या दोघी-तिघी, चाळीतले काही. आणि प्राची आली होती. कल्याणला असते आता. गळ्यात मंगळसूत्र होतं, कोणाबरोबर आणि कसं झालं ते मी विचारलं नाही. सगळं आटोपल्यावर ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"आजी, तुमचे भाऊ तुटले ना माझ्यामुळे?"

"तुटला."

"त्या दिवशी का नको होतं, ते सांगू का तुम्हाला?"

"यसूबायला सांगितलं होतंस?"

"नाही. त्यांनी विचारलंच नाही कधी."

"मग राहू दे," मी म्हटलं. "कल्याणला जायचंय तुला, नीघ."

ती गेली. मला ऐकायचं नव्हतं असं नाही. सख्खा भाऊ गेला तो कशापायी, हे कळावंसं कोणाला वाटणार नाही? पण तिने कारण सांगितलं असतं, तर तेवढं कारण पुरेसं होतं की नव्हतं, हे मी मरेपर्यंत ठरवत बसले असते.